रॅम घ्यावी बोर्डाला विचारून



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणत आली. त्यात आमची एक भर आहे. संगणक पाहावा जोडून! २०२५ च्या जून महिन्यात आम्ही हा उद्योग घरी केला. त्यात आमचे पाचशे रुपये गेले, एक किरकोळ रजा गेली आणि घरातल्या माणसांसमोर थोडी अब्रूही गेली. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आता मुलामुलींच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेण्याची बोलणी चालू असतात. आमचे गेले ते तुमचे जाऊ नये, म्हणून आजचे हे लेखन.

आमची थोरली मुलगी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होती. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघी-तिघी बसतात. जिच्या घरी मशीन आहे तिचा हात चालतो, बाकीच्या वहीत उतरवून घेतात. आमची मुलगी उतरवून घेणाऱ्यांपैकी. तयार कॉम्प्युटर एकरकमी घेणे आमच्या कारकुनी पगारात बसत नव्हते, म्हणून असेम्बल करायचे ठरले. मार्चमध्ये प्रोसेसर आणि मदरबोर्ड, एप्रिलमध्ये कॅबिनेट आणि एसएमपीएस, मे महिन्यात एसएसडी आणि जुना मॉनिटर, असे करत शेवटी रॅम राहिली. रॅमचे पैसे मुलीची आई शिवणकाम करून भिशी भरते, त्या भिशीतून निघाले.

आमचा प्रोसेसर इंटेलचा, बाराव्या जनरेशनचा. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने सांगितले, "साहेब, बारावी जनरेशन म्हणजे डीडीआर५. जुनी डीडीआर४ घेऊ नका." आम्हाला ते पटले. नवे ते चांगले, एवढीच आमची अक्कल! मुलगी मात्र बोर्डाच्या खोक्यातली पुस्तिका घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, यात डीडीआर४ लिहिलंय." आम्ही काय उत्तर द्यावे? "अगं, पुस्तकं जुनी छापलेली असतात. बाजारातल्या माणसांना जास्त कळतं."

शनिवारी अर्धा दिवस सुटल्यावर विक्रोळीहून निघालो, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने विचारले, "बोर्ड कोणता?" आम्ही ऐटीत सांगितले, "बारावी जनरेशन." त्याने पुन्हा विचारले, "मॉडेल सांगा ना." मॉडेल आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही म्हणालो, "तुम्ही डीडीआर५ द्या." त्याने दिली. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, चार हजार चारशे रुपये, पक्के बिल.

घरी येऊन जेवण न करता कॅबिनेट उघडले. पट्टी स्लॉटवर धरली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. बसेना. आम्हाला वाटले, नवीन आहे, घट्ट असेल. आणखी जोर लावला तसा खालचा बोर्ड वाकू लागला. मुलगी ओरडली, "पप्पा, थांबा, मोडेल!" तिने पट्टी आमच्या हातातून काढून घेतली आणि स्लॉटवर आडवी धरून दाखवली. पट्टीची खाच एकीकडे आणि स्लॉटमधला उंचवटा दुसरीकडे. मुलीची आई मशीनवरून न उठता म्हणाली, "मी ब्लाऊज बेतायच्या आधी माप घेते. तुम्ही नंतर घेता वाटतं?"

सोमवारी किरकोळ रजा टाकून पुन्हा दुकान गाठले. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ३० दिवसांची मुदत धरली आहे. हे आम्हाला पाठ आहे, वस्तीत दहा जणांना आम्ही ते सांगितलेले आहे. पण इथे माल सदोष नव्हता. सदोष होती आमची खरेदी. दुकानदाराने पाचशे रुपये कापून डीडीआर४ च्या दोन पट्ट्या बदलून दिल्या, हा त्याचा चांगुलपणाच म्हणावा लागेल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतो, हे खरे. सहकारी अर्धे खरेच बोलला होता. परंतु बोर्ड बनवताना कंपनी त्यावर बहुधा एकाच जातीचे स्लॉट बसवते. एकाच चिपसेटचे, जवळजवळ एकाच नावाचे दोन बोर्ड बाजारात असतात, एक डीडीआर४ चा आणि दुसरा डीडीआर५ चा. फरक कधी कधी नावाच्या शेवटी असलेल्या 'डी४' या दोन अक्षरांत असतो. आमच्या बोर्डाच्या खोक्यावर ती अक्षरे ठळक छापलेली होती. आम्ही तीन महिने तो खोका कपाटावर ठेवला आणि एकदाही वाचला नाही.

रॅम म्हणजे काय, हे आम्ही आमच्या भाषेत सांगतो. एसएसडी म्हणजे ऑफिसातले कपाट. रॅम म्हणजे आपल्यासमोरचे टेबल. काम करायचे तर फाईल कपाटातून काढून टेबलावर घ्यावी लागते. टेबल लहान असले की एक फाईल ठेवून दुसरी काढावी लागते आणि काम रखडते. टेबल मोठे हवे हे सर्वांनाच कळते; पण ते आपल्या खोलीच्या दारातून आत गेले पाहिजे, हे विसरले जाते.

डीडीआर३ चे मानक २००७ साली आले, डीडीआर४ चे २०१२ साली आणि डीडीआर५ चे २०२० साली. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोहोंना २८८ पिना असतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला त्या सारख्याच वाटतात. खाचेची जागा मात्र मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे, कारण आतली वीज वेगळी आहे. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतो, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. शिवाय डीडीआर५ मध्ये विजेचे नियमन करणारी चिप पट्टीवरच असते. डीडीआर४ मध्ये ते काम बोर्ड करतो. तेव्हा खाच म्हणजे कारखान्याने लावलेले कुलूप समजावे. ते न बसणारी पट्टी जोराने दाबणे म्हणजे कुलूप फोडणे. बोर्ड गेला तर रॅमच्या दुप्पट-तिप्पट नुकसान.

कोणत्या प्रोसेसरला काय चालते, याचा ठोकताळा असा. एएमडीच्या एएम४ सॉकेटला डीडीआर४, एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५. इंटेलच्या दहाव्या-अकराव्या जनरेशनला डीडीआर४. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनला बोर्ड सांगेल ती. चौथ्या जनरेशनची जुनी ऑफिसची मशीन्स स्वस्तात मिळतात, त्यांना डीडीआर३. हा ठोकताळा बाजारात बोलण्यापुरता आहे. पैसे देताना बोर्डाची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

जात जुळली म्हणजे काम संपले असे नाही. बाजारात स्वस्त रॅमचे दोन सापळे असतात. एक लॅपटॉपच्या रॅमचा. ती लांबीने डेस्कटॉपच्या पट्टीच्या सुमारे निम्मी असते, म्हणून निदान डोळ्यांना दिसते. दुसरा सापळा सर्व्हरच्या रॅमचा, आणि तो जास्त वाईट. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेल्या १६ किंवा ३२ जीबीच्या डीडीआर४ पट्ट्या कधी कधी फार कमी भावात मिळतात. त्या आपल्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसतात, पण घरच्या साध्या बोर्डावर मशीन चालूच होत नाही. माणूस मग बोर्डाला, एसएमपीएसला, शेवटी नशिबाला दोष देतो.

यावर उपाय पट्टीच्या लेबलातच आहे. बऱ्याच लेबलांवर 'पीसी४' असे लिहून पुढे वेगाचा आकडा आणि त्यानंतर एक अक्षर असते. अक्षर 'यू' असेल तर ती डेस्कटॉपची. 'एस' असेल तर लॅपटॉपची. 'आर' असेल तर सर्व्हरची, तिला हातही लावू नये. 'पीसी' नंतरचा ३, ४ किंवा ५ हा आकडा म्हणजे डीडीआरची जात. वेगाचा आकडा काही लेबलांवर २५६०० असा मोठा असतो. घाबरू नका, त्याला आठाने भागा. उत्तर ३२०० येते, म्हणजे ती डीडीआर४-३२०० ची पट्टी. बी.कॉम. झाल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा!

वेगाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रॅमचा वेग एकटी रॅम ठरवत नाही. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांत जो सर्वांत हळू, त्याच्या चालीने सगळे चालतात. दहाव्या जनरेशनचा आय३ किंवा आय५ साध्या बोर्डावर असेल, तर ३२०० ची पट्टीही २६६६ नेच धावेल. नुकसान नाही, पण जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजले असतील तर ते वाया. ३६०० किंवा त्यावरच्या वेगाच्या, रंगीत दिवे लावलेल्या पट्ट्या खेळ खेळणाऱ्यांसाठी असतात. त्यांचा छापील वेग बोर्डाच्या बायोसमध्ये वेगळी सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि स्वस्त बोर्ड बहुधा तेवढी मुभा देत नाहीत. अभ्यासाला दिवे लागत नाहीत.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने तर दुकानदाराने फसवल्याची तक्रार आणली होती. घेतली ३२०० ची रॅम आणि तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये दिसतात १६०० मेगाहर्ट्झ. त्यात फसवणूक नव्हती. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवणारी मेमरी. ठोके १६००, फेऱ्या ३२००. तो मुलगा भांडायला निघाला होता, त्याचे भाडे वाचले.

पट्टी एक घ्यावी की दोन? १६ जीबी हवी असेल आणि पैसे हाताशी असतील तर ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. आपल्या घरच्या मशीनमध्ये बहुधा वेगळे ग्राफिक कार्ड नसते, चित्राचे कामही याच रॅममधून होते, म्हणून हा फायदा आपल्याला विशेष जाणवतो. पैसे कमी असतील तर आज ८ जीबीची एकच घ्यावी आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. मात्र पहिल्या पट्टीच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा आणि दुसरी घेताना तोच आकडा, तोच वेग, शक्यतो तीच कंपनी मागावी. दोन वेगळ्या पट्ट्या बहुतेक वेळा चालतात, हळू असेल तिच्या चालीने. पण कधी कधी मशीन मध्येच अडकते, आणि दोष कोणाचा ते शोधता शोधता परीक्षा येते. बोर्डाला चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या कोणत्या दोन स्लॉटमध्ये घालायच्या, तेही पुस्तिकेत चित्र काढून दाखवलेले असते. बहुतेक बोर्डांवर ते प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरा आणि चौथा असतात.

आपल्या समाजात आम्ही लग्नाला पत्रिका पाहत नाही. पण रॅम आणि बोर्ड यांची जुळणी मात्र पाहिलीच पाहिजे, कारण ती कोणा ज्योतिषाने मांडलेली नसून कारखान्याने तपासून छापलेली असते. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर, मॉडेलच्या पानावर, त्या बोर्डावर चालवून पाहिलेल्या रॅमची यादी असते. तिला क्यूव्हीएल म्हणतात. यादीत नाव नसलेली रॅम चालणारच नाही असे नाही. पण यादीतली घेतली तर बोलायला जागा राहते.

आमची आणखी एक चूक येथे कबूल केली पाहिजे. भाग दर महिन्याला एक-एक घेतल्यामुळे मार्चमधला बोर्ड जूनपर्यंत चालू करून पाहताच आला नाही. तो बिघडलेला निघाला असता तर दुकानदाराकडे बदलून घेण्याची मुदत केव्हाच संपली असती. तेव्हा हप्त्याने घ्यायचेच तर कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड आधी घ्यावेत. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तीन वस्तूंचे पैसे साठवून त्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्याव्यात आणि तेथेच जोडून, चालू करून पाहाव्यात.

आज ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव झपाट्याने चढले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरची मागणी वाढली, तसा कारखान्यांचा माल तिकडे वळला आणि घरच्या कॉम्प्युटरची रॅम महागली. चुकीची रॅम घेतल्यास पूर्वी शेकड्यांत जाणारे पैसे आता हजारांत जाऊ शकतात. महागाईत बनावट माल आणि बिलाशिवायचा माल वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. १८ टक्के जीएसटी वाचवतो म्हणून कोणी कच्चे बिल देऊ लागला तर नको म्हणावे. बऱ्याच कंपन्या रॅमवर अनेक वर्षांची वॉरंटी देतात. कच्च्या चिठ्ठीवर ती मिळत नाही.

खालचा मजकूर कापून पाकिटात ठेवावा.

१. बोर्डाचे पूर्ण मॉडेल नाव कागदावर लिहून, खोक्याचा फोटो काढून मगच बाजारात जावे.
२. पुस्तिकेतून तीन गोष्टी उतरवाव्यात: डीडीआरची जात, जास्तीत जास्त वेग, एका स्लॉटला किती जीबी चालते.
३. लेबलवर 'आर' किंवा 'एस' असलेली पट्टी घेऊ नये.
४. पक्के बिल घ्यावे. त्यावर पट्टीचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.
५. बसवताना वीज पूर्ण बंद करावी, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज काढावी, पट्टी कडेने धरावी, खाच जुळवावी, मग दाबावी. खटका लागल्याचा आवाज येतो.
६. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. मशीन मेमरीची ओळख करून घेत असते. घाईने बंद करू नये.
७. पहिल्याच रात्री मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवावा. एकही चूक दाखवली तर बिल घेऊन लगेच दुकान गाठावे. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्या सोमवारी रात्री बदलून आणलेल्या पट्ट्या आम्ही मुलीच्या हातात दिल्या आणि स्वतः बाजूला उभे राहिलो. तिने पुस्तिका मांडीवर उघडी ठेवली, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि दोन्ही पट्ट्या बसवल्या. खटका दोनदा वाजला. पडद्यावर १६ जीबी असा आकडा आला तेव्हा तिची आई शिवणकाम सोडून पाहायला आली.

मुलींना शिकवा, असे भाषणात सांगायला आम्हाला कधी कोणी शिकवावे लागले नाही. पण शिकलेली मुलगी घरात काही वाचून दाखवते तेव्हा गप्प बसून ऐकावे, हे आम्हाला पाचशे रुपये देऊन कळले. आम्ही तिला त्या रात्री तसे सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळी मलाच न्या." आता अभ्यासिकेतल्या कोणाला रॅम घ्यायची असली की लेबल वाचायला तिलाच बोलावतात. आम्ही पिशवी धरायला जातो.

पुढील अंकी यूपीएस आणि घरातल्या अर्थिंगविषयी. जयभीम.